घराण्यातलं नाव आणि हाकेचं नाव: मुलासाठी दोन्ही एकदम कशी ठरवावीत

दादाच्या मुलाच्या बारशाला नाव ठेवायचा मान माझा होता, आत्या म्हणून. पाळण्यावर वाकले, कानात 'विश्वनाथ' म्हणाले, 'कुर्रर्र' केलं, पाठीत बायकांचे धपाटे खाल्ले. सगळं रीतसर. विश्वनाथ हे आमच्या आजोबांचं, म्हणजे बाबांच्या वडिलांचं नाव. बाबा कोपऱ्यात उभे राहून उगाच चष्मा पुसत होते. पाहुणे घुगऱ्या घेऊन गेले, घर रिकामं झालं आणि बाळानं भोकाड पसरलं. आई लगबगीनं पाळण्याशी गेली, हाक मारायला तोंड उघडलं आणि तशीच थांबली. सासऱ्यांचं नाव तिनं लग्न झाल्यापासून कधी उच्चारलेलं नाही. जरा विचार करून म्हणाली, "काय झालं हो मामंजी, भूक लागली का?"

सगळे हसलो. हसण्यावारी गेलं ते गेलंच. महिन्याभरात मामंजीचा 'मामू' झाला, शेजारपाजारी मामू, डॉक्टरकडच्या फाइलवर कुणीतरी पेन्सिलीनं मामू. वहिनीचा भाऊ आला की 'मामू' या हाकेला सख्खा मामा आणि भाचा दोघंही वळायचे. ज्या नावासाठी एवढी जमवाजमव केली, ते दीड वर्ष फक्त जन्मदाखल्यावर होतं.

तेव्हा कळलं ते एवढंच: घराण्यातलं नाव द्यायचं असेल, तर हाकेचं नावही त्याच दिवशी ठरवायचं. एक ठरवून दुसरं मोकळं सोडलं की ती जागा कोण भरेल, काय भरेल, आपल्या हातात राहत नाही. खरं तर आपल्याकडचे आबा, तात्या, नाना, अप्पा यांतले कितीतरी असेच जन्माला आलेत. पोराला आजोबांचं नाव, ते नाव सुनेनं घ्यायचं नाही, मग पोराला हाक काय मारायची? म्हणून तीन महिन्यांच्या पोराला 'अप्पा'. दादाला दुसरा मुलगा झाला तेव्हा आम्ही शहाणे झालो होतो. त्या वेळी जे केलं ते इथे क्रमानं सांगते.

आधी नावं गोळा करा

हे काम सातव्या महिन्यापर्यंत उरकावं. बाळंतपणानंतर कुणाला वेळ नसतो. एक वही घ्या, दोन रकाने पाडा: कागदावरचं नाव आणि हाकेचं नाव. दुसरा रकाना हवाच. आमच्याकडे 'बापूकाका' म्हणजे कागदावर कोण, हे त्यांच्या सख्ख्या नातवाला माहीत नव्हतं.

तीन पिढ्या तर घरबसल्या मिळतात. जे घरात श्राद्धपक्ष करतात, त्यांना वडील, आजोबा, पणजोबा ही तीन नावं संकल्पात उच्चारावीच लागतात. त्यांना विचारा, आणि त्याच वेळी आईच्या माहेरचीही विचारा. पुढच्या पिढ्यांसाठी माळा उपसावा लागतो. आमच्याकडे सगळ्यात उपयोगी पडलं ते तांब्या-पितळेचं भांडं. पूर्वी भांडी घेतली की त्यावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घालून घ्यायचे. पाणी तापवायच्या जुन्या बंबाच्या गळ्याशी चिंच लावून घासलं, तेव्हा 'वि. ग.' ही अक्षरं वर आली. वि म्हणजे आजोबा विश्वनाथ. ग कोण, यावर रात्रभर फोनाफोनी झाली. शेवटी एका चुलतआजीनं सांगितलं, गजानन. दुसऱ्या मुलाचं नाव त्या बंबातून निघालं.

जमीन असेल तर जुने फेरफार आणि वारसनोंदी काढा. सातबाऱ्यावर फक्त आत्ताचे धारक दिसतात. कोणाच्या मागे कोण लागलं, हे फेरफारात सापडतं. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जुन्या लग्नपत्रिका, देवळाच्या पायरीवरचं किंवा घाटावरचं 'यांचे स्मरणार्थ' हेही बघा. बऱ्याच घराण्यांचे कुलवृत्तांत छापलेले आहेत. आडनावाची चौकशी केलीत तर कुणाकडे तरी प्रत निघते. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर किंवा काशीला कुणी गेलं असेल, तर तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत घराण्याची नावं असू शकतात. तिथे गाव आणि आडनाव सांगावं लागतं. कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडच्या लोकांना हेळवी माहीत असतील. त्यांच्या चोपड्यांत घराण्याची वंशावळ असते आणि ते ती म्हणूनही दाखवतात.

या यादीत धोंडू, दगडू, केरू, भिकाजी अशी नावं सापडली तर हसू नका. आधीची मुलं जगली नाहीत की मुद्दाम असं नाव ठेवायचे, दृष्ट लागू नये, काळानं 'धोंडाच तर आहे' म्हणून पुढे जावं म्हणून. एकोणिसाव्या शतकातले नावाजलेले गणिती केरूनाना छत्रे आणि स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणारे धोंडो केशव कर्वे ही याच वळणाची नावं. ती आज ठेवावीत असं माझं म्हणणं नाही. पण कुठल्या आईनं कशासाठी ठेवलं होतं, हे वहीत लिहून ठेवा.

घराण्याचं नाव म्हणजे फक्त माणसांची नावं नव्हेत. कुलदैवताकडूनही नाव येतं. जेजुरीचा खंडोबा असेल तर खंडेराव, मल्हार, मार्तंड. मंगेशी असेल तर मंगेश. माहूरची रेणुका असेल तर रेणुकादास, तुळजाभवानी असेल तर अंबादास, भवानराव. ज्योतिबाचे भक्त ज्योतिराव ठेवतात. आणि परंपरा दहा पिढ्यांचीच असावी लागते असंही नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाल्यानंतर कितीतरी घरांनी जुनी नावं जाणूनबुजून मागे सोडली आणि सिद्धार्थ, राहुल, मिलिंद, गौतम, आनंद ही नावं घेतली. त्या घरात आजोबा मिलिंद असतील, तर मिलिंद हेच घराण्याचं नाव, आणि ते फार मानानं आलेलं नाव आहे.

मग माणसांना विचारा

यादी झाली की लगेच आवडनिवड सुरू करू नका. आधी तीन प्रश्न मिटवा.

ज्याचं नाव द्यायचं तो हयात आहे का? काही घरांत हयात माणसाचं नाव ठेवत नाहीत, काहींत आजोबा स्वतःच वाट बघत असतात. अंदाज बांधू नका, त्यांना समोर बसून विचारा. नाव अकाली गेलेल्या माणसाचं आहे का? यावर मतं टोकाची असतात. शिवाजी महाराजांच्या थोरल्या भावाचं नाव संभाजी. ते कनकगिरीच्या लढाईत पडले, आणि महाराजांनी आपल्या मुलाचं नाव संभाजी ठेवलं. तरी तुमच्या घरातल्या आजीला ते नाव रोज ऐकणं झेपेल का, ते तिलाच माहीत. तिसरा प्रश्न सगळ्यात नाजूक: घराणं कुणाचं? बहुतेकदा 'घराण्यातलं' म्हणजे वडिलांकडचं असं गृहीत धरून मोकळे होतात. आमच्याकडे धाकट्याच्या वेळी वहिनीनं माहेरच्या तीन पिढ्या वहीत लिहून आणल्या. दोन्ही रकाने शेजारी ठेवल्यावर गजानन हे नाव तिच्या आजोळीही निघालं. नशीब. असं जुळलं नाही तर एक नाव कागदावर आणि दुसरं हाकेला, अशी वाटणीही चांगली होते.

आणि आत्याला आधी सांगा. बारशाच्या दिवशी पाळण्याशी उभं राहून 'हे काय नाव?' म्हणणारी आत्या परवडत नाही.

जुनं नाव जसंच्या तसं नको असेल तर तेच थोडं वळवून घेता येतं. विश्वनाथचा विश्वेश, मोरेश्वरचा मयूरेश, खंडेरावचा मल्हार, गजाननचा हेरंब, विठ्ठलाचा पंढरीनाथ. देव तोच, हाक वेगळी. हे मला पटतं. नुसतं पहिलं अक्षर घेऊन 'आजोबा विश्वनाथ म्हणून नातू विवान' हे मात्र मला घराण्याचं नाव वाटत नाही. ठेवायला हरकत काहीच नाही, फक्त आजोबांना उगाच मध्ये ओढू नये.

पत्रिकेचं अक्षर आणि इतर नावं

नावरस नावावरून, म्हणजे जन्मनक्षत्राच्या अक्षरावरून येणाऱ्या नावावरून, घराघरांत वाद होतात, ते टाळता येतात. सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, म्हणून एकशे आठ अक्षरं. अश्विनीला चू, चे, चो, ला. रोहिणीला ओ, वा, वी, वू. आता आर्द्रेच्या तिसऱ्या चरणाला ङ आहे, हस्ताच्या तिसऱ्याला ण, उत्तराभाद्रपदेच्या चौथ्याला ञ. ङ वरून नाव ठेवून दाखवा! म्हणजे पद्धत जिथे अडते, तिथे गुरुजीही जवळचं अक्षर घेतात. नावरस नाव पत्रिकेत आणि संकल्पात वापरायचं, व्यवहारातलं वेगळं ठेवायचं, ही जुनीच रीत आहे. एकच नाव असलं पाहिजे हा आग्रह नवा, तोही फॉर्म भरण्यामुळे आलेला.

महिन्यावरूनही नाव असतं, हे फार जणांना ठाऊक नसतं. मार्गशीर्षात जन्मला तर कृष्ण, पौषात अनंत, माघात अच्युत, वैशाखात जनार्दन, श्रावणात वासुदेव. घराण्याच्या यादीत अनंत असेल आणि मूल पौषातलं असेल, तर पुढचा वाद तिथेच संपतो.

नाव तोंडात घोळवून बघा

यादीतून दोन-तीन नावं उरली की आठ दिवस ती वापरून बघा. पारस्कर गृह्यसूत्रात मुलाच्या नावाचा नियम आहे: दोन किंवा चार अक्षरी असावं, घोष वर्णानं, म्हणजे ग, ज, द, ब, म असल्या घुमणाऱ्या अक्षरानं सुरू व्हावं, मध्ये य, र, ल, व यांतलं एखादं असावं आणि शेवट दीर्घ असावा. या परीक्षेत केशव, गणेश, माधव सगळे नापास. तेव्हा नियम म्हणून नव्हे, पण कानाची शिकवण म्हणून तो चांगला आहे. हाकेचं नाव ठरवताना पुन्हा याकडे येऊ.

पूर्ण नाव मोठ्यानं वाचा. महाराष्ट्रात १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावाचा सरकारी कागदांवरचा क्रम आता असा आहे: मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. चार शब्दांची ओळ झाली. 'ज्ञानेश्वर ऐश्वर्या चंद्रशेखर' एवढं आडनावाच्या आधीच झालं तर परीक्षेच्या फॉर्ममधले चौकोन संपतात. आई-वडिलांची नावं बदलता येत नाहीत, मुलाचं तेवढं हातात असतं.

या क्रमामुळे एक जुना घोळ मात्र सुटायला मदत होईल. आजोबांचं नाव नातवाला देत गेलं की श्रीधर, महेश, श्रीधर, महेश अशी साखळी होते, आणि आजोबा-नातू दोघेही कागदावर 'श्रीधर महेश' निघतात. आडनाव तेच, गाव तेच. वारसनोंदीच्या वेळी 'हे श्रीधर महेश कोणते?' म्हणून तलाठ्याकडे खेटे घातलेले लोक मला माहीत आहेत. आता मधे आईचं नाव येतं, तर दोघे आपोआप वेगळे ओळखू येतील.

लिहूनही बघा, मराठीत आणि इंग्रजी स्पेलिंगमध्येही. त्र्यंबक, ज्ञानेश्वर, ऋषिकेश ही नावं देखणी आहेत, पण स्पेलिंग चार प्रकारे होतं. एकच ठरवा, वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा आणि पुढे प्रत्येक कागदावर तेच उतरवा.

आता हाकेचं नाव

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण जुन्या नावाची गाठ पडते ती इथे. कागदावरचं घराण्याचं नाव आणि तोंडातलं नाव यांची झुंज लागली की जिंकतं तोंडातलं. संभाजी महाराजांचे पुत्र शाहू महाराज, त्यांचं जन्मनाव शिवाजी, आजोबांचं. इतिहासात राहिलं ते शाहू. पेशव्यांची साखळी बघा: विश्वनाथ, त्यांचे बाळाजी, त्यांचे विसाजी, त्यांचे पुन्हा बाळाजी. यातले विसाजी म्हणजे थोरले बाजीराव आणि शेवटचे बाळाजी म्हणजे नानासाहेब. नाना फडणवीस म्हणजे बाळाजी जनार्दन भानू, त्यांचे आजोबाही बाळाजी. लोकमान्य टिळकांचं पाळण्यातलं नाव केशव. घरात 'बाळ' म्हणत राहिले आणि तेच कायमचं झालं. बाबा आमट्यांना लोक आदरानं 'बाबा' म्हणत असतील असं वाटतं, पण मुरलीधर देविदास आमटे यांचं 'बाबा' हे लहानपणीचंच नाव. तेव्हा 'सध्या बाळ म्हणू, पुढे बघू' असं म्हणणाऱ्यांनी जपून असावं.

मराठीत नाव लहान करायच्या ठरलेल्या वाटा आहेत. सुरुवातीची दोन अक्षरं घेऊन शेवटी ऊ: सदाशिवचा सदू, दत्तात्रयाचा दत्तू, दामोदरचा दामू, वासुदेवाचा वासू, रघुनाथाचा रघू, गजाननचा गजू. शेवटी आ लावायचा तर गोविंदाचा गोंदा, विठ्ठलाचा विठा. ही वाट किती जुनी आहे? संत नामदेवांच्या मुलांची नावं नारा, विठा, गोंदा, महादा. तिसरी वाट 'बा'ची: शिवबा, ज्ञानोबा, तुकोबा, राघोबा. यात लाडही आहे आणि मानही आहे, शिवाय मूल मोठं झालं तरी ती हाक शोभते. मला ही सगळ्यात आवडते, पण आज पाळण्यातल्या बाळाला फार कुणी वापरत नाही. चौथी वाट नात्याच्या शब्दांची: आबा, अप्पा, तात्या, नाना, अण्णा, बापू, भाऊ. सावरकर बंधूंत गणेश ते बाबाराव, विनायक ते तात्या आणि नारायण ते बाळ. घरात आधीच एक आबा असतील तर दुसरा आबा करू नका, एवढंच पथ्य.

आणि पाचवी वाट, जी तुम्ही ठरवत नाही, मित्र ठरवतात: 'या'. गण्या, सद्या, दिग्या, विश्या, पक्या. याला इलाज नाही आणि रागवायचंही कारण नाही, ती दोस्तीची खूण आहे. फक्त नाव पक्कं करण्याआधी शेवटी 'या' लावून एकदा मोठ्यानं म्हणा. जे निघेल ते पाचवी ते दहावी ऐकायची तयारी आहे ना, बघा.

काही खड्डे सांगते. नारायणाचा 'नारू' करू नका. नारू हा पायातून जंत निघणारा रोग होता. भारत २००० साली त्यातून मुक्त झाला, पण शब्द अजून लोकांच्या लक्षात आहे. मोरेश्वरचा 'मोरू' गोड वाटतो, पण 'माझा मोरू झाला' म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे. पांडुरंगाचा 'पांडू' म्हटलं की हवालदार डोळ्यांसमोर येतो. त्यापेक्षा 'रंगा' किंवा 'पांडबा' बरा. बंडू आणि गंपू विनोदांतून झिजून गेलेत. सखारामाचा 'सखू' म्हणाल तर मुलीचं नाव होतं. छोटू, पिल्लू, बबड्या हे लाड आहेत, नावं नव्हेत. ते चालू द्या, पण सोबत खरं हाकेचं नावही चालू ठेवा. नाहीतर सहा फुटी छोटू तयार होतो.

आता परीक्षा. गच्चीवर जा आणि खाली अंगणात खेळणाऱ्या पोराला बोलावताय असं समजून हाक मारा. 'विश्वनाथ' ओरडून बघा: शेवटचा थ हवेत विरतो. 'विसूऽऽ' ओरडा: ऊ हवा तेवढा लांबवता येतो. दोन अक्षरं आणि शेवटी दीर्घ स्वर, सूत्रकारांनी सांगितलं तेच. दुसरी परीक्षा रागाची. तेच नाव चिडून म्हणा. आई रागावते तेव्हा लाडाचं नाव गळून पूर्ण नाव बाहेर येतं हे खरं, पण आजोबांचं नाव घेऊन रागावणं ज्या घरात चालत नाही, तिथे हाकेच्या नावालाच रागाचंही काम करावं लागतं. तिसरी परीक्षा घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाची. आजीच्या तोंडून ते नाव सहज निघतंय का? आमच्या आईला विश्वनाथ घेता येत नव्हतं, पण 'विसू' घेताना तिची जीभ अडखळली नाही. विसू म्हणजे सासरे नव्हेत, असं तिनंच ठरवलं. हे आम्ही बारशाआधी विचारलं असतं तर मामू झालाच नसता.

ठरलं की जाहीर करा. बारशाच्या निमंत्रणावर कागदाचं नाव नसतं, ते पाळण्यातच कळायचं. पण नाव ठेवून झाल्यावर आत्यानं लगेच सगळ्यांसमोर सांगावं, 'हाक मारायची ती गजू.' धाकट्याच्या वेळी मी तसंच केलं. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या, झालं, कुर्रर्र झालं आणि धपाटे पाठीत पडत असतानाच मी 'गजानन, आणि घरात गजू!' असं ओरडले. थोडा हशा पिकला. पण शेजारच्या काकूंपासून सगळ्यांनी त्याच दिवशी गजू म्हणायला सुरुवात केली. पहिले दोन-तीन महिने जो वेगळं काही म्हणेल त्याला हसत हसत दुरुस्त करायचं. आजीचं एखादं खाजगी नाव असेल ते तिचं तिच्याजवळ राहू द्या. त्यापलीकडे पाच माणसांची पाच नावं नकोत, मूल एकालाही ओ देत नाही.

रुळलेलं चुकीचं नाव उतरवता येतं का? येतं, वेळ लागतो. मामूचा विसू करायला आम्हाला चार महिने लागले. दोन्ही नावं जोडून म्हणायला लागलो, 'मामू विसू', मग हळूच पहिलं गाळलं. एकदम बंद केलं असतं तर त्याला कळलंच नसतं की हाक आपल्याला आहे.

कागद

हे थोडक्यात, पण चुकवू नका. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. बारसं बाराव्या दिवशी केलंत तर नाव ठरवूनच नोंद करता येते, जुन्या लोकांनी दिवस मोठा सोयीचा धरला आहे. बारसं पुढे गेलं तर नावाशिवाय नोंद होते आणि १२ महिन्यांच्या आत शुल्काशिवाय नाव घालून घेता येतं. त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. इतके दिवस थांबू नका. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, पासपोर्ट, वाहनपरवाना, मतदारयादी या सगळ्यांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो, त्यामुळे त्यावर जे छापलं जाईल ते आयुष्यभर सोबत येणार. हाकेचं नाव कागदावर कुठेही नको, 'उर्फ' लावूनही नको.

दाखला हातात घेताच तिथेच उभं राहून अक्षर न् अक्षर वाचा. आमच्या विसूच्या दाखल्यावर 'विश्र्वनाथ' छापून आलं. श्व च्या जागी श्र्व. खिडकीमागच्या गृहस्थांना फरक दिसेना. "दोन्ही सारखंच वाचतात की ताई," म्हणाले. मी कागदावर दोन्ही मोठं करून काढून दाखवलं, मग अर्ज, मग पुन्हा एक खेप. ईश्वर, विश्वास, ज्ञानेश्वर असं कुठलंही श्व असलेलं नाव असेल तर तिथे आधी बोट ठेवा. ऱ्हस्व-दीर्घही बघा: श्रीधर, श्रीपाद यातली श्री दीर्घ. आणि मराठी-इंग्रजी दोन्ही बाजू बघा, आईच्या नावासकट.

शाळेच्या आधीचं वर्ष

शेवटचं काम तीन वर्षांनी येतं आणि बहुतेक घरं विसरतात. हाकेचं नाव इतकं छान रुळतं की बालवाडीत बाई 'विश्वनाथ' म्हणतात आणि कुणीच उठत नाही. मुलाला आपलं नाव माहीतच नसतं. म्हणून शाळेच्या आधी सहा महिने दिवसातून एकदा तरी पूर्ण नाव त्याच्या कानावर पडू द्या. औषध देताना, अंघोळीला, झोपताना, कधीही. त्याच्या डब्यावर, पुस्तकावर तेच लिहा. आमच्या विसूला त्या बंबावरचं 'वि.' दाखवलं होतं. "माझं नाव आधीच कुणी लिहिलं?" असं विचारून तो दिवसभर ती अक्षरं बोटानं गिरवत होता.

दहा-बारा वर्षांचा झाला की तो शाळेच्या फाटकाशी हाकेचं नाव नको म्हणेल. तेव्हा ऐका. घरात विसू, फाटकाबाहेर विश्वनाथ, एवढा करार पुरतो.

वहिनी रात्री हजेरीचा खेळ घ्यायची. गादीवर सगळे ओळीनं बसायचे, ती उशी मांडीवर घेऊन नावं वाचायची. बाबांचं नाव आलं की बाबा 'हजर' म्हणायचे, दादा झोपेत 'हजर' म्हणायचा. विश्वनाथ म्हटलं की विसू उभं राहून दोन्ही हात वर करून ओरडायचा. एका रात्री वहिनी स्वयंपाकघरात होती, म्हणून हजेरी आईकडे आली. तिनं उशी घेतली, चष्मा सारखा केला, एकेकाचं नाव घेत खाली आली आणि शेवटच्या नावाशी थांबली.

"आणि आमचे मामंजी?"

"हजर!"